बोटं पळतात, पण तू कुठे आहेस त्यात?

*ताई, मी एकवीस वर्षांचा आहे. सहा वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. माझा चुलतभाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, मला रॉक ऐकायला शिकवलं ते त्यानंच. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी आपापल्या सर्वश्रेष्ठ दहा गिटारवादकांची यादी केली आणि त्यावरून जुंपली. माझ्या यादीत वरती एडी व्हॅन हेलन, इंग्वे मालमस्टीन, स्टीव्ह वाय. दादाच्या यादीत बी. बी. किंग, पीटर ग्रीन, डेव्हिड गिलमोर. तो म्हणाला, ‘तुझी माणसं गिटार नाही, टाइपरायटर वाजवतात.’ मी म्हणालो, ‘तुझ्या माणसांना वेग जमत नाही म्हणून ती भावनेच्या गप्पा मारतात.’ मग त्यानं माझं एक रेकॉर्डिंग ऐकलं आणि एवढंच म्हणाला, ‘बोटं पळतात, पण तू कुठे आहेस त्यात?’ तीन आठवडे झाले, आम्ही बोललेलो नाही. बरोबर कोण, तेवढं सांगा.*
*– सहावी तार*

प्रिय सहावी तार,

दहा नावांच्या यादीवरून कुणी तीन आठवडे अबोला धरत नाही. तुला लागलंय ते दादाचं शेवटचं वाक्य. त्याच्याकडे मी येणार आहे, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र निवडलं. पण तू यादीचं विचारलंयस, तर आधी तिचं बोलू.

अशा याद्यांत सर्वांत गाजलेली ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची. तिच्या २००३, २०११ आणि २०२३ च्या आवृत्त्या बघ. तुझा एडी व्हॅन हेलन पहिल्या यादीत सत्तरावा होता, दुसरीत आठवा, तिसरीत चौथा. दादाचा गिलमोर आधी ब्याऐंशीवा, मग चौदावा, मग अठ्ठाविसावा. जोनी मिचेल बहात्तरावरून पंचाहत्तरावर गेली आणि तिथून थेट नववी झाली. सिस्टर रोझेटा थार्प १९४० च्या दशकात गिटार घेऊन जे वाजवत होती त्याच्यावर पुढचं रॉक उभं राहिलं, पण २००३ च्या शंभर नावांत ती नाही आणि २०२३ मध्ये ती सहावी आहे. तिचं निधन १९७३ सालचं. म्हणजे मधल्या वीस वर्षांत तिच्या वाजवण्यात एका सुराचाही फरक पडणं शक्य नव्हतं. फरक पडला तो ऐकणाऱ्यांत. तिन्ही वेळा पहिल्या जागेवरून हलला नाही तो एकटा जिमी हेन्ड्रिक्स, आणि तो का हलत नाही हे नीट पाहिलंस तर तुमचं अर्धं भांडण तिथेच मिटेल.

हेन्ड्रिक्सचं ‘लिटल विंग’ घे. १९६७ चं, जेमतेम अडीच मिनिटांचं. सुरुवातीला गिटार एकटीच आहे. डाव्या हातानं वाजवणारा हा माणूस उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, आणि लांब अंगठा मानेवरून वर काढून जाड तारेवरचा खर्ज दाबायचा. त्यामुळे बाकीची चार बोटं मोकळी. त्या बोटांनी तो कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरतो आणि त्याच कॉर्डच्या आत हॅमर-ऑन (तारेवर बोट आपटून), पुल-ऑफ (बोट ओढून काढून) आणि बारीक घसरणींनी एक वेगळी चाल गातो. साथ कुठे संपली आणि सोलो कुठे सुरू झाला, सांगता येत नाही. हे वेगवान आहे का? मधल्या काही जागा चांगल्याच चपळ आहेत, पण ऐकताना वेग लक्षातही येत नाही. आता त्याच माणसाचं ‘मशीन गन’ ऐक, १९७० च्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात वाजवलेलं. त्यातला सोलो एका ताणलेल्या, धरून ठेवलेल्या सुरानं उघडतो. तो सूर संपतच नाही. पोटात खड्डा पडतो. पुढे याच सोलोत सुरांचा भडिमार येतो, पण तो त्या लांबलेल्या सुरातून फुटून आल्यासारखा. तुम्ही दोघांनी ज्या रेषेच्या दोन बाजूंना माणसं उभी केलीत, ती रेष हेन्ड्रिक्सच्या वाजवण्यात सापडतच नाही.

तुमच्या यादीतल्या बाकीच्यांनाही ती रेष माहीत नव्हती. एडी व्हॅन हेलनचं दैवत होता एरिक क्लॅप्टन. क्रीम या बँडमधले क्लॅप्टनचे सोलो त्यानं पोरवयात सूर न् सूर बसवले होते. मालमस्टीन सात वर्षांचा असताना, सप्टेंबर १९७० मध्ये, हेन्ड्रिक्स गेल्याची बातमी टीव्हीवर आली आणि सोबत पेटत्या गिटारची दृश्यं दाखवली. तिथून आपण गिटारकडे वळलो, असं तो सांगत आला आहे. आणि दादाला हे जरूर सांग, की त्याचा बी. बी. किंग जॅझमधल्या जँगो राइनहार्टच्या प्रेमात होता. जँगो म्हणजे वेगाचा मूळपुरुष. १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवून तो असा पळायचा, की चार बोटं धड असलेले थक्क होतात. थोडक्यात, तुझ्या वेगवाल्यांचे गुरू दादाच्या घराण्यातले, आणि दादाच्या भाववाल्याचा गुरू तुझ्या.

(जाता जाता, क्लॅप्टनला ‘स्लोहँड’ म्हणतात म्हणून दादा त्याला आपल्या बाजूला ओढेल. त्या नावाचा संथ वाजवण्याशी संबंध नाही. यार्डबर्ड्स या बँडच्या दिवसांत मंचावर तार तुटली की तो तिथेच उभा राहून नवी चढवायचा, आणि लोक तोवर संथ टाळ्यांचा ठेका धरायचे. त्यावरून ते नाव पडलं.)

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तू ‘वेग’ म्हणतोस आणि दादा ‘आत्मा’ म्हणतो, तेव्हा तुम्ही दोघं असं धरून चालता की वेग हे कसब आहे, ते रियाजानं येतं, आणि आत्मा ही देणगी, असली तर असते. हे मला अजिबात मान्य नाही. ज्याला आपण आत्मा म्हणतो तेही बोटांचंच काम आहे. त्याचा रियाज करता येतो, आणि ज्यांनी तो केला त्यांनी वेगाइतकेच तास घातले आहेत.

बी. बी. किंगचा डावा हात पडद्यावर जवळून बघ, आवाज बंद करून. तर्जनी तारेवर टेकलेली. अंगठा गिटारच्या मानेवरून सुटलेला. अख्खा पंजा त्या एका बोटावर तोललेला आणि पाखराच्या पंखासारखा फडफडतोय. व्हायब्रेटो, म्हणजे सुराचा थरथराट, असा धरायची ही त्याची खास रीत. ती आली कुठून? त्याच्या आईच्या नात्यातला बुक्का व्हाइट तारेवर स्लाइड (नळी) फिरवून वाजवायचा. तो रडका, थरथरता आवाज किंगला हवा होता, पण स्लाइड त्याच्या हाताला कधी वळली नाही. मग त्यानं तोच थरथराट नुसत्या बोटानं काढायचा ध्यास घेतला. १९६९ चं ‘द थ्रिल इज गॉन’ लावलंस की गाण्याआधीचे पहिले दोन-चार सूर हे त्या ध्यासाचं फळ आहे. तो थरथराट किती रुंद, किती भरभर, सूर लागल्यावर लगेच सुरू करायचा की क्षणभर सरळ धरून मग, हे सगळं तो ठरवतोय. हात तिथे आपोआप गेलेला नाही.

किंग ज्या ब्लूज शैलीत वाजवायचा, तिच्यात आणखी एक बारीक गोष्ट असते. कोमल गंधार वाजवायचा आणि तार किंचित, अगदी केसभर, वर ढकलायची. सूर कोमल राहत नाही आणि शुद्धही होत नाही, दोघांच्या मधे कुठेतरी लटकतो. गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर (फ्रेट) त्या सुराला घरच नाही, तो बोटालाच शोधावा लागतो. आपल्याकडे मींड आणि श्रुती ऐकलेल्या कानाला हे लगेच उमगतं. दादा ज्याला ‘आत्मा’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग त्या केसभर अंतरात असतो. बाकीचा भाग काळात असतो: ठोक्याच्या किंचित मागे राहण्यात, गप्प बसण्यात, एक आघात हळू आणि पुढचा जोरात करण्यात.

म्हणून ‘त्यांना वेग जमत नाही म्हणून भावनेच्या गप्पा’ हे तुझं वाक्य मागे घे. संथ सुरात लपायला जागा नसते. सेकंदाला आठ सूर पळत असतील, तर त्यातला एखादा थोडा बेसूर गेलेला कुणाच्या ध्यानात येत नाही. चार सेकंद धरलेला एकच बेंड (तार ताणून काढलेला सूर) पाव सुरानं खाली राहिला, तर सगळ्या खोलीला कळतं.

आणि दादाचं टाइपरायटरचं वाक्य? तेही तितकंच चुकीचं, आणि मला जास्त लागलं, कारण त्यात तुच्छता आहे. एडी व्हॅन हेलनचं १९७८ चं ‘एरप्शन’ १ मिनिट ४२ सेकंदांचं आहे. दादाला ते पुन्हा ऐकायला लाव आणि सांग की सूर मोजू नकोस, श्वास मोज. एक कॉर्ड, ड्रमचा धक्का, मग गिटार एकटी पडते. ती एक वाक्य बोलते आणि थांबते. दुसरं बोलते, पुन्हा थांबते. मग शेवटाकडे दोन्ही हात मानेवर येतात, टॅपिंग (बोटांनी तारा मानेवर ठोकणं) सुरू होतं, आणि सूर इतके दाट होतात की कान ते सुटे सुटे धरत नाही. त्याऐवजी कॉर्ड बदलत जाताना ऐकू येतात, ऑर्गनवर कुणी पानं उलटावी तसे. इथे वेगानं एक असा आवाज निर्माण केला, जो संथ वाजवून मिळणारच नव्हता. वेग हाही एक रंग आहे. माणूस आनंदानं भरभर बोलतो, घाबरून भरभर बोलतो, लहान मूल धावत येऊन एका दमात सगळं सांगतं. तिथे कुणी म्हणत नाही की हळू बोल, नाहीतर तुझ्या मनात काही नाही.

आता एक गंमत बघ. ‘एरप्शन’ अल्बमसाठी योजलेलंच नव्हतं. एडी स्टुडिओत एका कार्यक्रमासाठी हात मोकळे करत होता, ते कानावर पडलं आणि ध्वनिमुद्रित झालं. त्यात वरच्या बाजूला एक चूक राहून गेली, हे त्यानं स्वतः नंतर सांगितलं. याउलट दादाचा देव्हारा, पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७९ च्या ‘द वॉल’ अल्बममधलं ‘कम्फर्टेबली नम्ब’. त्यातला शेवटचा सोलो गिलमोरनं पाच-सहा वेळा वेगवेगळा वाजवला, प्रत्येकातल्या चांगल्या जागांवर कागदावर खुणा केल्या आणि ते तुकडे जोडून एक सोलो घडवला. म्हणजे ज्याला यांत्रिक म्हणतात ते सहज, उत्स्फूर्त निघालं, आणि ज्याला थेट काळजातून आलेलं म्हणतात ते बैठक मारून, निवडून, शिवून तयार केलं. दोन्ही ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. तो काटा मला विचारत नाही की हे कोणत्या रीतीनं केलं.

पीटर ग्रीनची गिटार तर तुम्हा दोघांची गोष्ट सांगायलाच जन्माला आली आहे. १९५९ ची गिब्सन कंपनीची लेस पॉल. तिच्या मानेजवळच्या पिकअपमधल्या (तारांचा थरथराट विजेत बदलणाऱ्या भागातल्या) चुंबकाची दिशा उलटी आहे, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालवले की आवाज पोकळ, नाकातल्यासारखा, दुरून आल्यासारखा येतो. ग्रीननं तिच्यावर इतकं कमी आणि इतकं नेमकं वाजवलं की दोन सुरांमधली शांतताही त्याच्या नावावर जमा आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती त्यानं गॅरी मूर या गिटारवादकाला विकली. मूर वेगात कुणाला ऐकत नव्हता, पिकचा (तार छेडायच्या चकतीचा) आघात असा की तार तुटावी. आणि तोच मूर ‘पॅरिसियन वॉकवेज’च्या मैफलीत एक सूर धरायचा आणि सोडायचाच नाही, सगळं सभागृह श्वास रोखून उभं राहायचं. १९९५ मध्ये त्यानं ग्रीनच्या गाण्यांचा एक अख्खा अल्बम केला. २०१४ मध्ये ती गिटार मेटॅलिका या मेटल बँडच्या कर्क हॅमेटकडे गेली, आणि हॅमेट हा गिटारवादक ‘जो सॅट्रियानी’ याचा विद्यार्थी. स्टीव्ह वायही त्याचाच. एकच लाकूड, त्याच तारा, दादाच्या यादीतून निघून तुझ्या यादीच्या दारापर्यंत आलेली.

तर, बरोबर कोण? मला विचारशील तर माझ्या यादीत पहिला जेफ बेक, कारण ऐंशीच्या दशकात त्यानं पिक टाकून दिला, अंगठ्यानं वाजवू लागला, करंगळीनं आवाजाचं बटण आणि तळव्यानं ट्रिमोलो बार (सूर वरखाली करणारा दांडा) एकाच वेळी सांभाळू लागला, आणि सूर गळ्यातून यावा तसा यायला लागला. पण हा माझा पहिला आहे. तुझा एडी असू दे. तुझी यादी चुकलेली नाही, दादाचीही नाही. चुकली ती दोन वाक्यं.

आता तुझं रेकॉर्डिंग. मी ते ऐकलेलं नाही, त्यामुळे दादा खरं बोलला की रागात बोलला, मला ठाऊक नाही. पण तू आतून हादरला आहेस, आणि माझा अंदाज असा की तुलाही ते कधीतरी जाणवलं असावं. मलाही कधीकाळी जाणवलं होतं. मी वेगाच्याच नादात होते, रोज मेट्रोनोमचा (ठोके देणाऱ्या यंत्राचा) आकडा दोननं वाढवायचा. एकदा माझ्या शिक्षकांनी सोलो मधेच थांबवला आणि म्हणाले, आत्ता जे वाजवलंस ते गाऊन दाखव. मला गाता येईना. बोटांना पाठ होतं, मला नव्हतं. त्या संध्याकाळी मी गिटार पेटीत ठेवली आणि खूप वेळ काढली नाही. तू तसं करू नकोस, म्हणून हे सांगतेय.

तू काय कर, तुझा तोच सोलो लाव आणि सोबत गा. सूर बिघडला तरी चालेल, आकार गाता आला पाहिजे. जिथे गाणं अडेल तिथे पेन्सिलनं खूण कर. बहुतेक वेळा त्या खुणा अशा जागी निघतात, जिथे बोटांनी सवयीची जागा पकडली आणि तुला काही म्हणायचं नव्हतं. त्या जागा काढून टाक, तिथे काहीच वाजवू नकोस. मग उरलेलं ऐक.

दुसरं, ब्लूजची कुठलीही साथ लाव आणि पहिले बारा बार (तालाची बारा आवर्तनं) एकाच सुरावर काढ. एकच सूर, पट्टी बदलायची नाही. सुरुवातीला कंटाळा येईल, मग तुझ्या लक्षात येईल की जागा, जोर, लांबी आणि थांबणं एवढं सगळं तुझ्या हातात आहे. नील यंगनं १९६९ च्या ‘सिनॅमन गर्ल’मध्ये सोलो म्हणून हेच केलंय, तोच एक सूर पुन्हा पुन्हा, आणि तो सोलो आजही लोकांना पाठ आहे.

बेंड तपासून घे. आधी वरच्या पट्टीवर हवा तो सूर वाजव, कानात साठव, मग दोन पट्ट्या खालून तार ताणून तिथे पोच. ट्यूनर लावू नको, कानानंच ठरव. रोज दहा मिनिटं पुरेत. आणि मेट्रोनोम पन्नासवर ठेवून तुझाच वेगवान तुकडा वाजव. पन्नासवर दोन ठोक्यांमध्ये १.२ सेकंदांचं अंतर असतं. एवढ्या मोकळ्या मैदानात प्रत्येक सूर कुठे पडतो ते उघडं दिसतं. वेग सोडायचा नाही बरं का. तुला वेग आवडतो, तो तुझ्या स्वभावात आहे, आणि दादाला खूश करायला तू खोटा संथ वाजवायला लागलास, तर त्या सोलोत तू आणखीनच नसशील.

राहता राहिला दादा. तू धाकटा आहेस, पहिला फोन तू केलास तर तुझं काही कमी होणार नाही. पण रेकॉर्डिंगबद्दलचं तुझं दुखणं गिळून फोन करू नको. त्याला सरळ सांग, ‘दादा, यादीचं सोड, तू माझ्या वाजवण्याबद्दल जे बोललास ते मला लागलं, कारण मला ऐकायला तूच शिकवलंस.’ एवढंच म्हण आणि थांब, त्याला बोलू दे. मला वाटतं, त्याच्याही मनात ते वाक्य तीन आठवडे घोळत असणार. नऊ वर्षांनी मोठा माणूस धाकट्याची यादी आपल्यापेक्षा वेगळी निघाली म्हणून इतका चिडतो, त्यात थोडी भीतीही असते. आपण हाताला धरून आणलेला पोरगा आपलं बोट सोडून दुसरीकडे निघाला, याची.

मग दोघं बसा. त्यानं तुझ्या यादीतला एक निवडायचा, तू त्याच्या यादीतला एक, आणि ज्याला जो आवडत नाही त्याचंच एक गाणं त्यानं दुसऱ्याला ऐकवायचं, त्यातलं चांगलं शोधून. तुकडा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. त्याला मालमस्टीन निवडायला लाव, म्हणजे तो टाइपरायटरवाला. १९८४ चं ‘ब्लॅक स्टार’ सुचव. आधी नायलॉनच्या तारांची छोटी सुरुवात आहे, मग इलेक्ट्रिक गिटार येते आणि मुख्य चाल सावकाश गाते. तुकडा लावण्याआधीच दादाला म्हण, पळापळ सुरू व्हायच्या आधीचा तो व्हायब्रेटो ऐक, किती रुंद आहे, किती खात्रीचा. आणि तू ‘द थ्रिल इज गॉन’ घे. त्याला त्यातला कुठला सूर दाखवतोस, ते मला लिहून कळव.

तुझी,
ताई